उडुपीची तुळस आणि मणिपालचा माळ

तीर्थास जाणारा मनुष्य बहुधा कांहीं मागावयास जातो. मी गेल्या मार्गशीर्षांत उडुपीस गेलों तो मात्र घरांतील एक वाद मिटविण्यासाठीं. वाद होता तुळशीविषयीं. उडुपीहून अवघ्या पांच किलोमीटरांवर मणिपाल नांवाचें विद्यानगर आहे, आणि ज्या संशोधनाच्या बळावर आमच्या घरीं हा वाद माजला तें संशोधन त्याच मणिपालच्या माळावर झालेलें. तेव्हां वादाच्या मुळाशींच एकदां जाऊन यावें, असें मीं ठरविलें.

प्रथम घरची हकीकत सांगितली पाहिजे. माझा धाकटा भाऊ नाना याच्या घशांत गांठ आली आणि तपासणीअंतीं ती कर्करोगाची ठरली. डॉक्टरांनीं किरणोपचार सांगितला. आठवड्यांतून पांच दिवस, रोज २ ग्रे, असे ३५ दिवस. एकूण ७० ग्रे. (ग्रे हें किरणांची मात्रा मोजण्याचें माप आहे.) उपचारासाठीं नाना डोंबिवलीस त्याच्या मुलाच्या बिऱ्हाडीं येऊन राहिला, आणि रत्नागिरीकडील घराला कुलूप लावून आम्ही बाकीचीं माणसेंहि तेथेंच जमलों. तुळशीचें लग्न नुकतेंच झालें होतें. आमच्या ८५ वर्षांच्या काकूंनीं वृंदावनांतील एक रोप कुंडींत घालून बरोबर आणलें होतें.

एके दिवशीं वर्तमानपत्राचें एक जुनें कात्रण माझ्या हातीं आलें. तुळशीच्या पानांतील द्रव्यें किरणांच्या घातक परिणामांपासून रक्षण करतात, असें मणिपाल येथील प्रयोगांत सिद्ध झाल्याचें त्यांत लिहिलें होतें. जन्मभर मुलांस वाचून दाखविण्याची संवय. मीं तें कात्रण रात्रीं जेवणें झाल्यावर मोठ्यानें वाचून दाखविलें. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलें. दुसऱ्या दिवसापासून नानास सकाळ-संध्याकाळ वाटीभर तुळशीचा रस सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ कोणी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, कोणी हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या. डॉक्टरांना हें कोणी सांगितलें नाहीं. विचारलें तर ते नको म्हणतील, एवढें मात्र सर्वांस ठाऊक होतें.

तिसऱ्या आठवड्यांत नाना बोलतां बोलतां डॉक्टरांपुढें बोलून गेला. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच सांगितलें, "उपचार पुरा होईपर्यंत हें सारें बंद ठेवा. मागाहून सावकाश बोलूं." घरीं आल्यावर मात्र दोन तट पडले. पुतण्याचें म्हणणें, डॉक्टरांचा शब्द शेवटचा. काकूंचें म्हणणें, ज्यांनीं कधीं तुळशीला पाणी घातलें नाहीं त्यांनीं तिच्याविषयीं निकाल देऊं नये. धाकटी भावजय बिचारी मधल्यामध्यें रडकुंडीला आली. शेवटीं ती मला म्हणाली, "अण्णा, कात्रण तुम्हीं वाचलेंत. आतां खरें काय तें तुम्हींच सांगा."

या बोलण्यांत दोष दिलेला नव्हता, पण तो मला लागला. माझ्या बहिणीची नात मणिपालास वैद्यकाच्या शेवटच्या वर्षांत शिकत आहे. तिला दूरध्वनि केला. ती म्हणाली, "अण्णा आजोबा, मूळ निबंध मी काढून ठेवतें. तुम्ही या, आपण बसून वाचूं." दुसऱ्याच दिवशीं दुपारीं ठाण्यास मत्स्यगंधा गाडींत बसलों.

कोंकण रेल्वे सबंध सुरू झाली ती १९९८ सालीं. माझ्या लहानपणीं या किनाऱ्याची माणसें बोटीनें किंवा घाटावरून वळसा घेऊन जात. आतां एका रात्रींत रत्नागिरी, गोमंतक, कारवार मागें पडतात. दिवेलागणीनंतर आमचेंच रत्नागिरी स्टेशन आलें आणि गेलें, आणि कुलुपांतलें घर डोळ्यांपुढें उभें राहिलें. पुढें अंधारांत खाड्यांवरील पुलांचा पोकळ आवाज तेवढा ऐकूं येत होता. होन्नावरजवळचा शरावतीवरील पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे. आवाज थांबेना तेव्हां तोच असावा असें समजलों. पहाटे जाग आली तों बाहेर माड, भाताचीं कापलेलीं खाचरें आणि जांभ्या दगडाचे तांबडे गडगे. माणसाला परका मुलूख पाहावयास मिळावा आणि तो स्वतःच्याच मुलुखासारखा दिसावा, यांत एक विलक्षण समाधान असतें.

उडुपीस उतरल्यावर प्रथम श्रीकृष्णाच्या दर्शनास गेलों. हें देवस्थान मध्वाचार्यांनीं तेराव्या शतकांत स्थापिलें. भोंवतीं रथबीदी म्हणजे रथाचा रस्ता आहे आणि त्याला लागून आठ मठ आहेत. पूजेचा अधिकार दर दोन वर्षांनीं एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो. या पालटास पर्याय म्हणतात आणि तो १८ जानेवारीस होतो. मूर्ति बाळकृष्णाची, हातांत रवी घेतलेली. येथें दर्शन दारांतून घ्यावयाचें नसतें. चांदीनें मढविलेली एक खिडकी आहे, तिला नऊ छिद्रें आहेत, त्यांतून देव पाहावयाचा. मी डोळा लावला तेव्हां समईच्या उजेडांत मूर्तीचें मुख आणि गळ्यांतील तुळशीची माळ एवढेंच दिसलें. माझ्या मागें रांग होती; बाजूला झालों.

तेथून रिक्षा करून मणिपालची चढण चढलों. रिक्षावाला कोंकणीभाषी होता. त्याचें निम्में बोलणें मला समजलें आणि माझें बहुतेक सारें त्याला समजलें. मणिपाल हा जांभ्याचा सडा आहे, थेट आमच्या रत्नागिरीच्या सड्यासारखा. येथें मण्णपळ्ळ नांवाचें एक तळें आहे. मण्णु म्हणजे माती आणि पळ्ळ म्हणजे तळें. त्यावरूनच मणिपाल हें नांव पडलें असें सांगतात. या उघड्या माळावर डॉ. टी. एम्. ए. पै यांनीं १९५३ सालीं कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढलें. पै यांचा जन्म १८९८ चा. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२५ सालीं उडुपीस एक पेढी काढली होती, तीच पुढें सिंडिकेट बँक झाली आणि २०२० सालीं कॅनरा बँकेंत विलीन झाली. या पेढीनें १९२८ सालीं एक योजना काढली: गरिबाच्या दारीं रोज माणूस पाठवावयाचा आणि दोन आणे जमा करावयाचे. रोजचे दोन आणे कोणाला जड जात नाहींत, आणि वर्षाअखेर मुलीच्या लग्नापुरती रक्कम हातीं येते. नातीनें हें सांगितलें तेव्हां मला नानाचे रोजचे २ ग्रे आठवले. ती म्हणाली, "तेंच तत्त्व आहे, आजोबा. सत्तर ग्रे एकदम दिले तर माणूस सोसणार नाहीं. रोज थोडे दिले म्हणजे निरोगी पेशी रातोरात बऱ्याचशा सावरतात, रोगी पेशींना तितकें सावरतां येत नाहीं. या फरकावर सारा उपचार उभा आहे."

हें वाक्य मीं मनांत ठेविलें. पुढें सर्व गोष्टींचा उलगडा त्यानेंच झाला.

आम्ही मण्णपळ्ळाच्या कांठीं बांकावर बसलों. तळ्याभोंवतीं फिरण्याची पायवाट आहे. सकाळीं तेथें विद्यार्थी आणि म्हातारीं माणसें सारखींच हिंडत असतात. नातीनें निबंधांच्या छापील प्रती आणल्या होत्या. माझें इंग्रजी मॅट्रिकचें. तेव्हां ती वाचून अर्थ सांगे आणि मी तांबड्या पेन्सिलीनें खुणा करीं. आजोबा विद्यार्थी आणि नात पंतोजी, असा तो वर्ग भरला.

प्रथम तिनें मूळ समजावून दिलें. रॉन्टगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले. हे किरण शरीरांत शिरले म्हणजे त्यांचा बराचसा आघात पेशींतील पाण्यावर होतो, कारण पेशींत सर्वांत अधिक पाणीच असतें. पाण्याचे रेणु फुटून अत्यंत चंचल असे कण उत्पन्न होतात; त्यांना मुक्त मूलक म्हणतात. डोळ्याचें पातें लवण्याच्या कितीतरी आधींच ते नाहींसे होतात, परंतु जातां जातां शेजारचें जनुकसूत्र तोडून जातात. पेशी मरते ती त्या तुटण्यानें. आतां एखादें द्रव्य जर त्या जागीं आधींपासून हजर असेल आणि या कणांस आपल्या अंगावर घेऊन शांत करील, तर जनुकसूत्र वांचेल. म्हणून असें रक्षक द्रव्य किरणांच्या पूर्वीं शरीरांत असावें लागतें. आग लागून विझल्यावर आणलेली घागर काय कामाची?

या दिशेनें पहिलें ठळक यश आलें तें १९४९ सालीं. सिस्टीन नांवाचें, आपल्या अन्नांतील प्रथिनांत असणारें द्रव्य आधीं दिलें, तर किरण सोसून प्राणी जगतात असें अमेरिकेंत दिसून आलें. अणुबाँबच्या भयानें तेथील लष्करानें हा शोध पुढें चालविला आणि वॉल्टर रीड संस्थेंत चार हजारांहून अधिक द्रव्यें तपासलीं. त्यांतलें एक टिकलें. त्याचें नांव अ‍ॅमिफॉस्टीन. घशाच्या व मानेच्या किरणोपचारांत लाळ आटून तोंड कोरडें पडतें, त्यावर तें वापरण्यास १९९९ सालीं तेथें परवानगी मिळाली. पण त्यानें वांत्या होतात, रक्ताचा दाब उतरतो. मग साहजिकच विचार आला कीं, हेंच कार्य करणारी, पण इतकी त्रासदायक नसलेली एखादी वनस्पति असेल काय? आणि येथें मणिपालचा संबंध येतो.

कस्तुरबा मेडिकल कॉलेजांत डॉ. पी. उमा देवी आणि त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न तुळशीला विचारला. चरकसंहितेंत तुळशीस सुरसा म्हटलें आहे आणि श्वासाच्या विकारांत ती सांगितली आहे. किरणांशीं तिचा संबंध प्राचीनांनीं अर्थातच कल्पिला नव्हता. या मंडळींनीं पानांचा पाण्यांतील अर्क काढला आणि पांढऱ्या उंदरांस, शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रामास १० मिलिग्राम या प्रमाणानें, पांच दिवस पोटांत टोंचला. नंतर त्यांच्या सर्वांगावर ११ ग्रे किरण सोडले. ही मात्रा उंदरांस मारक आहे. अर्क दिलेल्या उंदरांपैकीं पुष्कळ जगले. हिशेब केला तेव्हां रक्षणाचा गुणांक १.२८ आला, म्हणजे जें काम एरव्हीं किरणांच्या १०० भागांनीं झालें असतें त्यास १२८ भाग लागले. हा निबंध १९९५ चा. पुढें त्यांनीं पानांतून ओरिएंटिन आणि व्हिसेनिन हीं दोन द्रव्यें वेगळीं काढलीं, आणि १९९९ च्या निबंधांत त्यांचे गुणांक अनुक्रमें १.३० आणि १.३७ असे दिले. मात्रा किती, तर किलोग्रामास अवघे ५० मायक्रोग्राम. याच मणिपालांत दुसऱ्या संशोधकांनीं बेलाच्या पानांचीहि अशीच परीक्षा केली आहे. विष्णूची तुळस आणि शंकराचें बेलपत्र एकाच प्रयोगशाळेच्या टेबलावर आलेलें पाहून कोणाहि मराठी माणसाचें मन सुखावेल. माझेंहि सुखावलें. "मग कात्रण खोटें नव्हतें!" मी म्हणालों.

"खोटें नव्हतें," नात म्हणाली, "पण अपुरें होतें. आजोबा, तुम्ही मास्तर आहां. निबंधांत काय आहे तें पाहिलेंत. काय नाहीं तें पाहा."

मी पुन्हां पेन्सिल घेतली. एक एक करून चार खुणा झाल्या. पहिली, तो उंदीर होता, माणूस नव्हता. दुसरी, अर्क टोंचला होता. आम्ही वाटीनें पाजीत होतों. पोटांतून गेलेलें किती रक्तांत उतरतें, हा निराळाच प्रश्न आहे. तिसरी, किरण एकदांच आणि सर्वांगावर सोडले होते. नानास ते रोज थोडे आणि केवळ घशावर मिळत होते. चौथी खूण करतांना मात्र माझा हात थबकला. ते उंदीर निरोगी होते. त्यांच्या अंगांत गांठच नव्हती.

नानाच्या घशांत गांठ होती. गांठीच्या पेशींतहि पाणीच असतें. तेथेंहि तेच चंचल कण उत्पन्न होतात, आणि तिला मारणारे तेच. जें द्रव्य ते कण शमवितें त्याला निरोगी पेशी कोणती आणि रोगी कोणती हें ओळखतां आलें नाहीं, तर तें दोघींचेंहि रक्षण करील. मग ३५ दिवस सोसून शेवटीं आम्हीं वांचविलें कोणाला?

मीं हें बोलून दाखविलें. नात कांहीं वेळ गप्प राहिली. मग तिनें कॅनडांतील एका परीक्षेचा निबंध पुढें केला. घशाच्या व तोंडाच्या कर्करोगाचे ५४० रुग्ण. किरणोपचाराच्या काळांत निम्म्यांस ई जीवनसत्त्व दिलें, आणि आरंभीं कांहीं काळ त्याजबरोबर बीटा-कॅरोटीनहि दिलें. बाकीच्यांस नुसत्या निरुपद्रवी गोळ्या. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्व घेणारांस किरणांचा तीव्र त्रास कमी झाला, ही गोष्ट खरी. परंतु त्यांच्यांत रोग त्याच जागीं परत येण्याचा कल अधिक दिसला. आणि पुढें मृत्यूंचें प्रमाणहि अधिक भरलें. मला आमच्या डोंबिवलीच्या शेल्फावरची ई जीवनसत्त्वाची बाटली आठवली. ती मींच पैसे देऊन आणविली होती.

तळ्यावर वारा सुटला होता. पलीकडे कोणी मुलें हंसत होतीं. मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

माझी ती अवस्था पाहून नातीनें पुढचा कागद काढला. तो होता मंगळूरचा, येथून साठेक किलोमीटरांवरचा. तेथील डॉक्टरांनीं घशाच्या व तोंडाच्या कर्करोगाचे ८० रुग्ण घेतले. किरणोपचार चालू असतां निम्म्यांस नेहमींच्या आयोडीनच्या औषधाच्या आणि निम्म्यांस हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावल्या. २०१४ च्या निबंधाप्रमाणें हळदीवाल्यांच्या तोंडांतील व्रण उशिरा उठले व सौम्य राहिले, वजनहि कमी घटलें. येथें हळद पोटांत जावयाची नव्हती. जेथें जखम तेथेंच ती लागावयाची होती, आणि डॉक्टरांच्या देखत. "पण हाहि शेवटचा शब्द नव्हे," ती लगेच म्हणाली. अमेरिकेंत हळदींतील कर्क्युमिन स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांस पोटांतून दिलें, तेव्हां किरणांनीं त्वचा भाजण्याचें प्रमाण कमी दिसलें. २०१३ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि मोठा बोलबाला झाला. मग तीच परीक्षा ६८६ रुग्णांवर केली. २०१८ चा निष्कर्ष असा कीं, कांहींच फायदा दिसला नाहीं. तीस जणांवर दिसलेली गोष्ट सातशें जणांत टिकली नाहीं. एका तुकडीच्या निकालावरून सबंध शाळेचा निकाल सांगूं नये, हें मी तीस वर्षें इतरांस शिकवीत आलों होतों.

संध्याकाळीं नातीनें मला माळाच्या टोंकास नेलें. तेथून खालीं सुवर्णा नदीचें वळण आणि दूर समुद्राची रेघ दिसते. उतरत्या उन्हांत पाणी खरोखर सोन्याचें झालें होतें. तेथें उभा असतां सकाळची ती खिडकी आठवली. नऊ छिद्रांतून जें दिसलें तें सत्यच होतें, पण तेवढेंच दिसलें होतें. मणिपालच्या संशोधकांनींहि आपल्या छिद्रांतून जें पाहिलें तेंच प्रामाणिकपणें लिहिलें. सबंध मूर्ति पाहिली असें त्यांनीं म्हटलें नव्हतें. तें कात्रण लिहिणारानें म्हटलें, आणि मीं वाचून दाखविलें. औषध जाणून योजिलें तर अमृत आणि न जाणतां योजिलें तर विष, अशा आशयाचा विचार चरकसंहितेच्या आरंभींच आहे. मला तो भाग विद्यार्थिदशेपासून माहीत. माहीत असणें आणि वेळेवर आठवणें, यांत केवढें अंतर!

डोंबिवलीस परत आल्यावर सर्वांस एकत्र बसविलें आणि चारहि खुणा सांगितल्या. काकूंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे तुळस खोटी का रे?"

"नाहीं, काकू. तुळशीनें तिला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. आपला प्रश्न निराळा होता, आणि तो आपण कोणाला विचारलाच नाहीं."

काकूंनीं मान हलविली. थोड्या वेळानें त्या उठल्या आणि रसाची वाटी घासून फडताळांत ठेवून आल्या.

त्या रात्रीं मीं एक कागद घेतला आणि नानाच्या पोटांत काय काय गेलें, कोणत्या दिवसापासून आणि किती, याची स्वच्छ यादी केली. भावजयीनें आठवण करून करून दोन नांवें आणखी सांगितलीं, तीं मला ठाऊकहि नव्हतीं. दुसऱ्या दिवशीं ती यादी डॉक्टरांपुढें ठेविली. त्यांनीं ती दोनदां वाचली, बहुतेक नांवांवर काट मारली आणि म्हणाले, "अशी यादी मला पहिल्या दिवशीं मिळाली असती तर बरें झालें असतें." मीं हळदीच्या गुळण्यांविषयीं विचारलें. त्यांनीं मंगळूरचा निबंध मागून घेतला, नानाचें तोंड पाहिलें, आणि कशा व किती वेळां करावयाच्या तें स्वतःच्या हातानें लिहून दिलें. काकूंनीं तो कागद देवाजवळ ठेविला आणि गुळण्यांचें पाणी रोज स्वतः केलें.

नानाचे ३५ दिवस पुरे झाले. शेवटचे दोन आठवडे फार कठीण गेले. पेजेखेरीज कांहीं गिळवत नव्हतें. आतां तो जेवतो, आवाज थोडा घोगरा झाला आहे, आणि ठरलेल्या महिन्यांनीं तपासणीस जातो. पहिल्या तपासणींत गांठ दिसली नाहीं. पुढचें पुढें. आमच्या तीन आठवड्यांच्या रसानें कांहीं बिघडलें कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकत नाहीं, आणि ती टोंचणी माझ्याजवळच राहणार आहे.

वाचकहो, अशी वेळ आपल्या घरीं न येवो. आली तर घरांतील वडीलधाऱ्यांचा बटवा डॉक्टरांपासून लपवूं नका. तो उघडून त्यांच्या टेबलावर ठेवा. त्यांतलें कांहीं ते परत देतील, कांहीं उपयोगासहि घेतील.

आम्ही आतां रत्नागिरीकडे परत आलों आहों. कुंडींतलें रोप काकूंनीं पुन्हां वृंदावनांत लाविलें. सकाळीं नाना स्वतः तांब्या घेऊन जातो, पाणी घालतो आणि एक प्रदक्षिणा घालतो. पान मात्र तोडीत नाहीं. डॉक्टरांस विचारून मग तोडीन, म्हणतो.